दहावी ‘ब’ची झडती

मी धुळ्याला देवपुरात राहते आणि पारोळ्याच्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. रोज एसटीने जायचं, एसटीने यायचं, अशी सतरा वर्षं झाली. विषय इतिहास आणि राज्यशास्त्र. राज्यशास्त्राला गुण थोडे, म्हणून बहुतेक शाळांत ते उरकलं जातं. मी मात्र जीव लावून शिकवायची आणि मला त्याचा अभिमान होता. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते मला कळत नव्हतं म्हणून झालं, असं कोणाला वाटायला नको.

मूलभूत हक्क मुलांनी सातवीतच केलेले असतात. दहावीत येईपर्यंत स्वातंत्र्य, समता असे चार-दोन शब्द तोंडात उरतात, बाकी सगळं पुसलेलं. म्हणून संविधानाचा धडा आला की मी मुळापासून सुरू करायची. पहिल्या बाकावरच्या एखाद्या मुलाची कंपासपेटी उचलायची आणि विचारायचं, “उघडू का?”

वर्ग एका आवाजात म्हणायचा, “हो.”

“का?”

“तुम्ही मॅडम आहात म्हणून.”

मग मी पेटी न उघडता परत ठेवायची आणि सांगायची, की मी मॅडम आहे हे काही कारण होत नाही. ही पेटी त्याची आहे. दप्तर, डायरी, शरीर, आजार, मनातलं, हे सगळं ज्याचं त्याचं. खासगीपणाचा हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मानला आहे. समोर पोलीस असो, सरकार असो, मी असो, ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. मुलं गप्प व्हायची. ती शांतता मला फार आवडायची.

त्या वर्षी मी दहावी ‘ब’ची वर्गशिक्षिका होते. तास संपल्यावर एक मुलगी माझ्या मागोमाग व्हरांड्यात आली. खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावर बसायची ती. अंगाने बारीक, अक्षर त्याहून बारीक. आईवडील ती लहान असतानाच गेले होते. आजीजवळ राहायची, आणि आजी बाजार समितीच्या आवारात धान्य निवडायला जायची. मुलगी महिन्यातून एक दिवस हमखास गैरहजर असायची, आणि त्यावरून मी तिला दोनदा वर्गात उभं केलेलं होतं. दरवेळी ती “गावाला गेले होते” एवढंच म्हणायची.

त्या दिवशी तिने विचारलं, “मॅडम, दवाखान्यातले कागदपण खासगी असतात का?”

“असतात की. सगळ्यात खासगी तेच.”

“शाळेलापण मागता येत नाहीत?”

“नाही. त्याला कायदा आहे.”

तिने मान हलवली. मी खूश झाले. शिक्षकखोलीत जाऊन सांगितलंसुद्धा, की ‘ब’ वर्गात एक मुलगी बघा, किती चांगले प्रश्न विचारते. तिने तो का विचारला असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दिवाळीच्या आधी महिनाभर असेल. आमचे गणिताचे सर मधल्या सुटीत शिक्षकखोलीत खुर्चीवर मान टाकून झोपले होते, तोंड उघडं. कोणीतरी त्यांचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो फोटो गावातल्या निम्म्या मुलांच्या स्टेटसवर होता, खाली काहीतरी अचकटविचकट लिहिलेलं. सर बिचारे रडवेले झाले. मुख्याध्यापकांनी आम्हा तिघा-चौघांना बोलावलं आणि सांगितलं, दहावीच्या दोन्ही तुकड्यांची दप्तरं तपासा, मोबाईल सापडला की जप्त करा, पालकांना बोलवा.

मी म्हटलं, “सर, सरसकट सगळ्यांची झडती बरोबर दिसत नाही.”

ते म्हणाले, “मॅडम, पुस्तकातलं पुस्तकात राहू द्या. ‘ब’च्या मुली तुमच्याकडे.”

मी पुढे बोलले नाही. नोकरी जाण्याची भीती नव्हती, मी कायम होते. बोलायचा कंटाळा आला, एवढंच. आपण जरा हळुवारपणे करू, हसतखेळत करू, असं मनाशी म्हणत मी वर्गात गेले. मुलांना बाहेर काढलं, दार लोटलं. मुलींनी दप्तरं बाकावर ठेवली. मी एकेक उघडून वरवर बघत होते. कुणाच्या दप्तरात चिंचा, कुणाच्या लिपस्टिक, कुणाच्या चुरगळलेल्या चिठ्ठ्या. मुली फिदीफिदी हसत होत्या, मीही हसत होते. तिसऱ्या बाकाशी आले, तर तिचं दप्तर बाकावर नव्हतं. मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरलं होतं.

“ठेव गं वर.”

“नाही मॅडम.”

“मोबाईल आहे का?”

“नाही.”

“मग उघड.”

ती उभी राहिली. आवाज बारीक होता, पण वर्गात सगळ्यांना ऐकू आला. “मॅडम, माझी परवानगी नाही. तुम्हीच सांगितलं होतं.”

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

खरं सांगायचं तर सगळं त्या हसण्याने झालं. ती मुलगी बरोबर बोलत होती, हे मला त्याच क्षणी समजलं होतं. मी जे वर्षानुवर्षं शिकवत आले होते, ते पहिल्यांदा कोणीतरी खरं करून दाखवत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझं वाक्य माझ्याच तोंडावर आलं होतं आणि वर मागून हसू आलं होतं. माझे कान गरम झाले.

“मला कायदा शिकवतेस?” मी म्हटलं, आणि दप्तराचा पट्टा ओढला.

तिने सोडलं नाही. मी जोरात ओढलं. चेन आधीच जुनी होती, ती उसवली आणि दप्तर माझ्या हातात आलं. मी ते टेबलावर नेलं आणि उपडं केलं. बाकीच्यांची दप्तरं मी नुसती उघडून बघितली होती. तिचंच उपडं केलं. वह्या, कंपास, कंगवा, कागदात गुंडाळलेलं पॅड, आणि एक लोकरीचा मोजा, टोकाला गाठ मारलेला. मोज्यात काहीतरी टणक होतं.

“मॅडम, ते नका.” ती जागेवरूनच म्हणाली. आता तिचा आवाज पार गेलेला होता.

मी गाठ सोडली. आत गोळ्यांची पांढरी बाटली निघाली. आत कापूस कोंबलेला, हलवली तरी आवाज येऊ नये म्हणून.

“कसल्या गोळ्या आहेत?”

ती बाटलीकडे बघत राहिली.

“नशेच्या आहेत का?”

तिने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. तेव्हा मी बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि लेबल वाचलं. मोठ्याने. औषधांची तीन लांबलचक इंग्रजी नावं होती, माझी जीभ अडखळत होती, तरी मी अक्षरं लावत लावत तिन्ही वाचली. मला ती कसली औषधं ते कळलं नव्हतं. तिला मात्र प्रत्येक अक्षर कळत असणार. ती खाली बसली आणि तिने बाकावर डोकं टेकवलं.

त्या दिवशी दहावी ‘ब’मध्ये एकही मोबाईल सापडला नाही. संध्याकाळी मुली घरी गेल्या तेव्हा प्रत्येकीच्या घरात मोबाईल होता. कोणी ती नावं लक्षात ठेवली, कोणी शोधून पाहिली, मला माहीत नाही. बाटली मी कार्यालयात नेऊन दिली होती. मुख्याध्यापकांनी ती कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या गोळ्या एचआयव्हीच्या आहेत हे मला एसटीत कळलं, पारोळा सोडून अर्धा तास झाला होता तेव्हा. एका सहकारी बाईंचा फोन आला होता. “अहो, तुमच्या वर्गातली ती...” असं म्हणून त्या थांबल्या, आणि मग आवाज उतरवून पुढचं म्हणाल्या. शेवटी त्यांनी विचारलं, “तुम्ही हात लावला होता का हो बाटलीला? साबणाने धुवा.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेत पोहोचले तर तिची आजी कार्यालयाबाहेर पायरीवर बसलेली. नात मुलाची नव्हती, मुलीच्या पोटची होती, हे मला त्या दिवशी कळलं. मी जवळ गेले. “अक्का, आत चला, खुर्चीवर बसा,” असं म्हटलं.

ती बसली नाही. “बाई, ती बाटली दी टाका. पोरनी काल गोळी लिधी नही. रोज लागस ती. एक दिन बी चुकाले नको.”

मी कार्यालयात गेले. लिपिक म्हणाले, वस्तू जप्त आहे, असं कसं देता येईल, अर्ज लागेल. मी म्हटलं औषध आहे. ते म्हणाले, म्हणूनच तर, उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? मग तो अर्ज मीच लिहिला. ‘माझ्या नातीच्या दप्तरातून जप्त करण्यात आलेली औषधाची बाटली मला परत मिळावी, ही विनंती.’ खाली तिने मराठीत सही केली, एकेक अक्षर दाबून. मला वाटलं होतं अंगठा लावेल. शिपायाने कपाट उघडलं आणि बाटली एका जुन्या उत्तरपत्रिकेत धरून बाहेर आणली. तिच्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली.

आजीने ती पदरात बांधली. जाताना ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, बाजारात भाव सांगावा तसं बोलली. “घरमा पाव्हणा शेतस म्हणीसन तिना दप्तरमा ठेयेल व्हती. इतला वरीस लपाडं बाई आम्ही. दवाखानाले जळगाव जवळ करं नही, कोनी देखाले नको म्हणीसन धुळाले जाऊत. तुमीन एक घडीमा बठ्ठा गावले दखाडी दिधं.”

म्हणजे घरी पाहुणे म्हणून दप्तरात लपवलेली बाटली मी सगळ्या गावाला दाखवली होती, आणि महिन्यातला तो एक गैरहजेरीचा दिवस, जळगावला कोणी ओळखेल म्हणून, धुळ्याच्या सरकारी दवाखान्याचा होता. त्या दोघींना मी एकदोनदा सकाळी धुळ्याच्या स्टँडवर उतरताना पाहिलंही होतं. मी पारोळ्याच्या गाडीत चढत होते, मुलीने मान फिरवली होती, आणि मला ती उद्धट वाटली होती.

त्या दिवशी मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. तिच्या बाकावरची जोडीदारीण पुढे जाऊन दुसऱ्या दोघींत तिसरी बसली होती. मधल्या सुटीत ती पाणी प्यायली, त्यानंतर त्या नळावर कोणी गेलं नाही. दुसऱ्या नळापुढे रांग लागली. मी व्हरांड्यातून बघत होते. खाली जाऊन त्या नळाचं पाणी ओंजळीने पिता आलं असतं मला. मी हे तेव्हाही मनात म्हटलं होतं आणि जागची हलले नव्हते.

शनिवारी पालक आले, आठ-दहा जण. कोणी आरडाओरडा केला नाही. सगळे शिकलेले होते. एक जण तर अतिशय नम्रपणे म्हणाले, “सर, आमचा त्या मुलीवर राग नाही. पण पोरी एकमेकींच्या डब्यातलं खातात. वय असं आहे. तुम्हीच विचार करा.”

मी म्हटलं, डबा खाऊन हा आजार होत नाही. आणि कायद्याने तिला शाळेतून काढता येत नाही.

“काढा कोण म्हणतंय?” ते म्हणाले. “आम्ही तसं म्हटलंच नाही.”

मुख्याध्यापकांनी मार्ग काढला. मुलीने घरी अभ्यास करावा, परीक्षेला यावं. हजेरीचं शाळा बघेल. यात तिचंच भलं आहे, इथे बसून तिला काय त्रास होतोय तो आपण पाहतोच आहोत. सगळ्यांना ते पटलं. मग ते माझ्याकडे वळले. “मॅडम, हजेरीपट तुमच्याकडे आहे.”

आजीला निरोप द्यायचं कामही माझ्याकडेच आलं. मी गेले नाही. शिपायाला पाठवलं.

तेव्हापासून मार्चपर्यंत मी रोज सकाळी तिच्या नावापुढे हजर लिहिलं. रिकाम्या बाकाकडे न बघता लिहायची सवय महिन्याभरात झाली. तिचा क्रमांक आला की मुली गालात हसायच्या, मग तेही थांबलं. जोपर्यंत ती खरी येत होती, तोवर तिच्या रकान्यात दर महिन्याला एक तरी गैरहजेरी होती. आता एकही नव्हती. वर्षअखेरीस हजेरीची टक्केवारी काढताना तिची वर्गात सगळ्यांत चांगली निघाली.

याच काळात, संविधान दिनाच्या निमित्ताने, जळगावला शिक्षकांसाठी एक कार्यक्रम होता आणि तिथे मला बोलायला बोलावलं होतं. मी गेले. कंपासपेटीचं उदाहरण सांगितलं. एका बाईंची पर्स समोरच्या टेबलावरून उचलली, “उघडू का?” म्हणून विचारलं, सभागृह हसलं आणि मग गप्प झालं, अगदी माझ्या वर्गासारखं. चांगल्या टाळ्या पडल्या. एका तरुण शिक्षिकेने येऊन सांगितलं, मॅडम, मी उद्याच वर्गात करून बघते. मी तिला म्हटलं, अवश्य कर.

फोटोचं काय झालं तेही सांगते. दिवाळीच्या सुटीनंतर शिक्षकखोलीत फराळ वाटला जात होता, तेव्हा चित्रकलेच्या सरांनी हसत हसत कबूल केलं की तो फोटो त्यांनी काढला होता. गंमत म्हणून एका मित्राला पाठवला, त्याच्या पोराने पुढे पाठवला. फोटोत माठाची कडा आणि आमच्या खुर्च्यांच्या पाठी दिसत होत्या, तो खोलीच्या आतूनच काढलेला होता, आणि मुलांना तर आत यायला बंदी होती. कोणीही नीट पाहिलं असतं तर कळलं असतं. गणिताचे सर आधी थोडे रुसले, मग तेही हसले. हातात चकली होती. मीही हसले. खोलीतल्या एकाही माणसाने त्या मुलीचा विषय काढला नाही, आणि त्या माणसांत मी होते.

तिच्या वह्या मात्र येत राहिल्या. दर पंधरा दिवसांनी आजी बाजार समितीतून परस्पर यायची आणि वह्यांची पिशवी कार्यालयात ठेवून जायची. बाकीचे शिक्षक वह्या न उघडताच सही करत. एकाने तर सही करण्याआधी वहीवर रुमाल ठेवला. मी माझी वही पूर्ण तपासायची. तिने सगळं लिहिलेलं असायचं, स्वाध्यायातले प्रश्न, उपक्रमसुद्धा. मूलभूत हक्कांवर मी जे टिपण दिलं होतं ते मात्र तिच्या वहीत दिसत नव्हतं. ती दोन पानं तिने फाडली नव्हती, एकमेकांना डिंकाने चिकटवून टाकली होती. मी त्यावर काही शेरा मारला नाही. खाली तारीख टाकली.

ती पास झाली, चांगल्या गुणांनी. जूनमध्ये दाखला न्यायला आली तेव्हा मला जिन्यात भेटली. आठ महिन्यांत उंच झाली होती. मी इतके दिवस मनात वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एक कसंबसं तोंडातून आलं. “बाळा, माझं चुकलं.”

“हो,” ती म्हणाली.

मी वाट बघत राहिले. मला वाटलं ती रडेल, किंवा मला काहीतरी बोलेल, आणि मग मलाही रडता येईल. ती म्हणाली, “दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो?”

मी खिडकी दाखवली.

त्यानंतर आजी-नात गाव सोडून धुळ्याला आल्याचं कानावर आलं. बाजार समितीतल्या बायकांनी आजीला आपल्यात बसवून घेणं बंद केलं होतं, असंही कोणी सांगितलं. मी खात्री केली नाही. पुढे दोन-तीन महिन्यांनी मी संध्याकाळी पारोळ्याहून परत आले, देवपुरात रिक्षातून उतरले, तर समोर ती. खांद्याला कॉलेजची बॅग. आमच्या घरापासून चार गल्ल्यांवरच्या कनिष्ठ महाविद्यालयात तिने प्रवेश घेतला होता. ती एकटी होती. इकडेतिकडे बघून माझ्याजवळ आली.

“मॅडम, एक काम होतं.”

“बोल ना,” मी म्हटलं. काहीही मागितलं असतं तर मी दिलं असतं. पुस्तकं, फी, घरी शिकवणं, काहीही.

“इथे कोणाला माहीत नाही. तुम्ही मला रस्त्यात ओळख दाखवू नका. मैत्रिणी विचारतात, या कोण, कुठल्या शाळेतल्या. मग कोणीतरी पारोळ्याचं कोणाच्या ओळखीचं निघतं.”

“नाही दाखवणार. तू बरी आहेस ना? गोळ्या नीट...”

“हेच,” ती म्हणाली. “हेच विचारू नका.”

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सावध होती ती. माझ्याकडे आयुष्यात कोणी तसं बघितलेलं नाही, त्याआधी किंवा नंतर. मी मान हलवली आणि ती पलीकडच्या फुटपाथवर गेली.

याला आता दुसरं वर्ष चाललंय. ती बारावीला आहे. आठवड्यातून एकदा तरी ती समोर येते, बहुतेक वेळा चार-पाच मुलींच्या घोळक्यात. मोठ्याने बोलते, हसते. वर्गात ती कधी इतक्या मोठ्याने हसल्याचं मला आठवत नाही. मी दिलेला शब्द पाळते. कधी मोबाईल कानाला लावते, कधी एखाद्या दुकानात शिरते. परवा मी फळांच्या गाडीशी उभी होते आणि त्या सगळ्या तिथेच पेरू घ्यायला आल्या. तिचा हात माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. मी खाली मान घालून पेरू निवडत राहिले. त्या गेल्यावर गाडीवाले नाना म्हणाले, “ताई, तुम्ही सगळे कच्चेच काढले हो. बदलून देऊ का?”

मी म्हटलं, “असू द्या,” आणि तेच घेऊन घरी आले.